हरिहरेश्वरच्या डोंगराला वळसा घालण्याआधी

ताई, तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. दिवाळीच्या सुट्टीत घरचे पाच जण, म्हणजे तुम्ही दोघं, अकरा आणि चौदा वर्षांची मुलं आणि अडुसष्ट वर्षांचे सासरे, नागपूरहून हरिहरेश्वरला जाणार. तिथल्या डोंगराची समुद्राच्या बाजूने प्रदक्षिणा करायची आणि जमलं तर नंतर फणसाड अभयारण्यात एक फेरी मारायची. रोज सकाळी सेमिनरी हिल्सवर चार-पाच किलोमीटर चालणं आहे, पेंच आणि नवेगाव पाहून झालं आहे. एवढी तयारी पुरेल का आणि सोबत काय घ्यावं, असं तुम्ही विचारलं आहे.

पायांची काळजी करू नका. प्रदक्षिणा लांबीला फार नाही. थांबत, बघत, फोटो काढत गेलात तरी तास-दीड तासात होते. मला काळजी वाटते ती दुसऱ्याच गोष्टीची. किती चालावं लागेल ते तुम्ही विचारलंत, काय न्यावं ते विचारलंत, पण किती वाजता चालायचं ते विचारलं नाही. मी बावीस वर्षं नागपूरहून लोकांना जंगलात आणि डोंगरात नेतो आहे, दर हिवाळ्यात एक-दोन वेळा कोकणातही. आपल्याकडच्या माणसांकडून हा प्रश्न जवळजवळ कधीच येत नाही. आपण राहतो झिरो माइलच्या दगडापाशी, देशाच्या मधोमध. फुटाळा तलावाचं पाणी सकाळी जिथे असतं तिथेच संध्याकाळी असतं. पाण्याची कड आपण उभे असताना सरकते, हे आपल्याला शाळेच्या पुस्तकातून माहीत असतं, अंगात मुरलेलं नसतं.

आधी जागा समजून घ्या. हरिहरेश्वर हे रायगड जिल्ह्यातल्या श्रीवर्धन तालुक्यात, सावित्री नदी समुद्राला मिळते तिथे आहे. गावाला लागून झाडीने भरलेला डोंगर आहे आणि त्याचं नाक सरळ समुद्रात घुसलेलं आहे. रीत अशी की आधी काळभैरवाचं दर्शन, मग हरिहरेश्वराचं, आणि पुन्हा काळभैरवाचं. प्रदक्षिणेची वाट देवळामागून पायऱ्यांनी चढते. झाडीतून वर आलात की वारा लागतो, समुद्र दिसतो, आणि मग दोन कड्यांच्या मधल्या अरुंद घळीतून उभ्या पायऱ्या थेट खाली कातळावर उतरतात. तिथून डोंगर उजव्या हाताला आणि समुद्र डाव्या हाताला ठेवून कड्याच्या पायथ्यापायथ्याने देवळाकडे परत यायचं.

ही शेवटची चाल कातळाच्या रुंद ओट्यावरून आहे. तो ओटा लाटांनीच हजारो वर्षं डोंगर कापून तयार केला आहे, आणि भरतीला त्याचा बराच भाग त्या परत घेतात. अर्धी वाट झाडीतली आहे, ती दिवसभर तिथेच असते. उरलेली अर्धी वाट दिवसातून दोनदा असते आणि दोनदा नसते. त्यामुळे या चालण्याचं वेळापत्रक आपल्या नाश्त्यावर किंवा ड्रायव्हरच्या सोयीवर ठरत नाही, ते पाण्यावर ठरतं.

आता हिशेब. किनाऱ्यावरची जुनी माणसं आजही तोंडी करतात तो साधा आहे: तिथीची पाऊणपट करा, आलेला आकडा म्हणजे पूर्ण भरतीची वेळ. चतुर्थी असेल तर चार पाऊणे तीन, म्हणजे साधारण तीन वाजता भरती. अष्टमीला आठ पाऊणे सहा, म्हणजे सहाला. पंधरावी तिथी, पौर्णिमा किंवा अमावास्या, तर सव्वाअकरा ते बाराच्या आसपास. शुक्ल पक्ष असो की कृष्ण, हिशेब तोच. भरतीपासून सव्वासहा तास पुढे किंवा मागे गेलात की ओहोटी. एका भरतीपासून दुसरी भरती सुमारे १२ तास २५ मिनिटांनी येते, म्हणून रोजची वेळ आदल्या दिवसापेक्षा जवळपास ५० मिनिटांनी पुढे सरकते. भिंतीवरचं कालनिर्णय उघडलंत की नागपुरात बसून कोकणातल्या समुद्राचं वेळापत्रक मांडता येतं. मला स्वतःला हे पहिल्यांदा एका वयस्क मच्छीमाराने वाळूत काडीने लिहून दाखवलं, तेव्हा आपल्या पंचांगात समुद्र लपलेला आहे याचं फार नवल वाटलं होतं.

हा हिशेब अर्ध्या-पाऊण तासाने चुकू शकतो. तिथी सूर्योदयाला कोणती, तिचा क्षय आहे की वृद्धी, आणि किनाऱ्याचा कुठला भाग, यावर फरक पडतो. म्हणून दिवस ठरवायला हा हिशेब वापरा, मिनिटं ठरवायला नको. नेमक्या वेळा भारतीय सर्वेक्षण विभागाच्या भरती-ओहोटीच्या तक्त्यांत असतात, मोबाइलवरही श्रीवर्धन किंवा बाणकोटच्या वेळा पाहता येतात. आणि शेवटचा शब्द गावातल्या माणसाचा. देवळापाशी विचारा, "आज खालून जाता येईल का, आणि कितीपर्यंत?" या प्रश्नाचा दुसरा अर्धा भाग विसरू नका. "जाता येईल" एवढ्यावर समाधान मानून खाली उतरलेली माणसं मी पाहिली आहेत.

तुम्ही दिवाळीत जाणार म्हणून एक खास गोष्ट सांगतो. लक्ष्मीपूजन अमावास्येला असतं. अमावास्या आणि पौर्णिमेला चंद्र आणि सूर्य एका रेषेत येऊन पाणी ओढतात, त्यामुळे भरती नेहमीपेक्षा उंच आणि ओहोटी नेहमीपेक्षा खोल. याला उधाण म्हणतात. आणि सगळ्यांत मोठं उधाण अमावास्येच्या दिवशीच येतं असं नाही, ते बहुधा एक-दोन दिवसांनी येतं, म्हणजे ऐन पाडवा-भाऊबीजेला. मुंबईच्या बाजूला उधाणाची भरती साडेचार मीटरच्या वर जाते. दक्षिणेकडे जाल तसा हा चढउतार कमी होत जातो, गोव्यात तो दोन मीटरच्या आसपास असतो. हरिहरेश्वर या दोन्हींच्या मध्ये.

उधाणाच्या दिवसांत ओहोटी खोल असते, मग तेव्हाच जावं असं कोणी सांगेल. पण अमावास्येला भरती दुपारी बाराच्या सुमारास असते, म्हणजे ओहोटी सकाळी सहाला आणि संध्याकाळी सहाला. दिवाळीत दोन्ही वेळा अर्धवट उजेड. मुलांना घेऊन अंधुक प्रकाशात ओल्या कातळावर चालायचं नाही. उलट अष्टमी-नवमीच्या दिवसांत, ज्यांना कोकणात भांगाचे दिवस म्हणतात, ओहोटी दुपारी बारा-एकला भर उजेडात येते, पण पाणी पुरतं मागे हटत नाही आणि कातळाची वाट अरुंद राहते. तुमच्यासाठी या दोन्हींच्या मधले दिवस चांगले.

म्हणून माझा सल्ला असा. भाऊबीज नागपुरात घरी करा आणि तृतीयेला निघा. चतुर्थीला पोहोचा, संध्याकाळी फक्त दर्शन आणि वाळूवर बसणं. पंचमीला चाला. पाच पाऊणे पावणेचार, म्हणजे भरती पावणेचारला आणि ओहोटी सकाळी साडेनवाच्या आसपास. आठला देवळापासून पायऱ्या चढायला लागा, साडेआठच्या सुमारास घळीतून खाली, आणि साडेनऊ-पावणेदहाला कातळ सोडून देवळाकडच्या बाजूला पोहोचलेले असा. पाणी उतरत असताना वाटेवर जायचं आणि वळतं न वळतं तोवर बाहेर यायचं, एवढंच सूत्र. उशीर झाला तर खाली उतरूच नका, आलात त्याच पायऱ्यांनी परत फिरा. माथ्यावरून दिसणारा समुद्रही पोटभर असतो.

उशिरावर मी इतका जोर का देतो ते सांगतो. चौदा-पंधरा वर्षांपूर्वी मी अकरा जणांना घेऊन दुसऱ्या एका भूशिराला वळसा घालत होतो. ओहोटी दहाला होती. नाश्त्याला वेळ लागला, एकाच्या बुटाचा तळ निघाला, आणि नऊला निघायचं ते साडेदहाला निघालो. मी योजना बदलायला हवी होती, बदलली नाही. जाताना एक घळ कोरडी ओलांडली. पुढे वाट बंद होती, परत फिरलो, तर बाराच्या सुमारास त्याच घळीत कमरेएवढं पाणी खळाळत होतं. आम्ही कड्याच्या एका उंच टप्प्यावर चढून बसलो.

तिथे बसल्या बसल्या माझ्या लक्षात आलं ते आजवर विसरलो नाही. ओहोटीनंतर दोन तासांनी पाणी ज्या पातळीला आलं, त्याच पातळीला ते परत कधी उतरणार? भरती सव्वाचारला. तिथून खाली यायला पुन्हा तेवढाच वेळ. म्हणजे रात्री साडेआठ. आम्ही ताटकळत आठ-साडेआठ तास त्या दगडावर काढले, त्यात एक नऊ वर्षांचा मुलगा होता, आणि काळोख पडल्यावर दोन टॉर्चच्या उजेडात बाहेर पडलो. कोणाला इजा झाली नाही. घळीपाशी अर्धा तास आधी पोहोचलो असतो तर पायही फारसे भिजले नसते.

पाणी एकसारख्या वेगाने चढत नाही, हेही तेव्हा नीट कळलं. भरतीच्या सहा तासांत जेवढं पाणी चढायचं त्याचे बारा भाग केले, तर पहिल्या तासात एक भाग चढतो, दुसऱ्यात दोन, तिसऱ्यात तीन, चौथ्यात तीन, पाचव्यात दोन आणि शेवटच्यात एक. ओहोटीनंतरचा पहिला तास माणसाला फसवतो, कारण पाणी जागचं हललेलंच दिसत नाही. मग तिसऱ्या आणि चौथ्या तासात मिळून निम्मं पाणी येतं. "अजून तर काहीच चढलं नाही" हे वाक्य ऐकू आलं की मी सगळ्यांना चालायला लावतो.

मुलांना एक काम द्या, त्यांना आवडतं. खाली उतरल्यावर पाण्याच्या कडेचा एक ठळक दगड निवडायचा आणि दर दहा मिनिटांनी तो किती बुडाला ते सांगायचं. कड्याकडे तोंड करून दुसरी एक गोष्ट दाखवा. दगडावर एका उंचीपर्यंत काळपट शेवाळ आणि पांढुरके टोकदार शिंपले चिकटलेले असतात आणि त्याच्या वर कोरडा दगड. ती भरतीची रेघ. जिथे उभे आहात तिथे ती रेघ तुमच्या डोक्याच्या वर असेल, तर थोड्या तासांनी त्या जागी काय असणार आहे ते मुलांना वेगळं सांगावं लागत नाही.

भरती-ओहोटी झाली, आता लाटा. या दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि दोन्ही बघायच्या असतात. ओहोटी असली तरी समुद्र खवळलेला असू शकतो. कधी आकाश निरभ्र, वारा नाही, आणि तरी लांबून आलेल्या मोठ्या फुगवट्याच्या लाटा किनाऱ्यावर आदळत असतात, कारण वादळ हजारो किलोमीटरवर दक्षिणेच्या महासागरात झालेलं असतं. हैदराबादची इन्कॉइस ही संस्था अशा उंच लाटांचे इशारे देते. निघायच्या आदल्या दिवशी आणि त्याच दिवशी सकाळी ते पाहा. ऑक्टोबर-नोव्हेंबर हे अरबी समुद्रातल्या चक्रीवादळांचेही महिने आहेत. इशारा असेल तर खालची वाट रद्द, त्यावर घरात चर्चा नको.

घळीतून उतरण्याआधी माथ्यावर पंधरा मिनिटं नुसते बसा आणि खालचा कातळ बघा. लाटा सारख्या मापाच्या येत नाहीत. पाच-सहा मिनिटं सगळं शांत असतं आणि मग तीन-चार मोठ्या लाटा एकामागून एक येतात. त्या मोठ्या लाटांचं पाणी जिथवर पोहोचलं तीच खरी कड. कातळ तिथवर ओला दिसेल. चालताना त्या ओल्या भागाच्या आतल्या बाजूने, कड्याच्या जवळून चाला. समुद्राकडे पाठ करून कोणी उभं राहायचं नाही, फोटोसाठी तर नाहीच. कोणी पाण्यात ओढलं गेलं तर त्याच्यामागे उडी मारायची नाही. फेकायला दोरी, रिकामी बंद बाटली, जे असेल ते फेका, माणसावरची नजर हलवू नका आणि ११२ लावा. माझ्या सॅकमध्ये पंधरा मीटर दोरी कायम असते. ती वापरायची वेळ आजवर आली नाही, तरी ती सॅकमधून निघत नाही.

कातळावर पाय कुठे ठेवायचा याचं एकच गणित सांगतो. खडबडीत, पांढुरका, कोरडा दगड चांगला. हिरवा, चकचकीत किंवा काळा बुळबुळीत दगड वाईट. मध्ये मध्ये कालवं, म्हणजे खडकाला धरून वाढणारे शिंपले, चिकटलेली असतात, त्यांच्या कडा ब्लेडसारख्या असतात. हात टेकून पडलात तर तळवा फाटतो. म्हणून पायात मागे पट्टा असलेल्या, जाड रबरी तळाच्या फ्लोटर्स किंवा खाचा न झिजलेले बूट. सेमिनरी हिल्सवर रोज वापरून गुळगुळीत झालेले बूट घरीच ठेवा. अनवाणी प्रदक्षिणा करायची श्रद्धा असेल तर देवळापासून पायऱ्यांपर्यंत अनवाणी जा आणि कातळावर उतरताना पायात घाला. मी स्वतः तसंच करतो आणि मला त्यात काही उणं वाटत नाही.

एवढं सगळं सांभाळून गेलात की मग मात्र मनसोक्त बघा, कारण ही जागा विलक्षण आहे. कड्याच्या भिंतीवर मधमाश्यांच्या पोळ्यासारखी भोकं पडलेली दिसतील, शेकडो, काही मुठीएवढी, काहींत माणूस बसेल एवढी. खारं पाणी दगडाच्या बारीक छिद्रांत शिरतं, उन्हात सुकतं, आत मिठाचे स्फटिक वाढतात आणि दगडाचा कण कण उचकटून काढतात. लाटेपेक्षा हे काम मीठच करतं. आणि मुलांना हेही सांगा की हा काळा दगड त्यांच्या ओळखीचा आहे. सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी लाव्हाचे जे थर दख्खनभर पसरले, त्यांची पूर्वेकडची कड आपल्या नागपुरात येते. सीताबर्डीची टेकडी आणि सेमिनरी हिल्स त्याच बेसाल्टच्या. तुम्ही रोज सकाळी ज्या दगडावरून चालता, त्याच्याच घराण्यातल्या दगडाला समुद्र कसा कोरतो ते पाहायला चालला आहात.

ओहोटीच्या डबक्यांत खेकडे, शंख, समुद्रफुलं दिसतील. बघायचं, हात लावायचा नाही, बाटलीत भरून आणायचं तर मुळीच नाही.

उन्हाबद्दल आपला एक गैरसमज असतो. मेमध्ये पंचेचाळीस अंशांत फिरणाऱ्या माणसाला कोकणातले बत्तीस-तेहतीस अंश काय करणार? ताई, करतात. नागपूरच्या कोरड्या हवेत घाम निघतो आणि उडून जातो, जाताना अंग गार करतो. कोकणात हवा आधीच ओलसर, घाम उडतच नाही, अंगावरून नुसता ओघळतो. पाणी आणि मीठ जातं आणि थंडावा मिळत नाही. आपण स्टोल घट्ट गुंडाळून निघतो, लू लागू नये म्हणून. तिथे तसं बांधलंत तर जीव घाबरेल. सैल, पातळ सुती कपडे, रुंद काठाची टोपी, मान मोकळी. माणशी किमान दीड लिटर पाणी, आणि त्यातलं एक बाटलीभर मीठ-साखरेचं. एक लिटर पाण्याला सहा चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ, चमचे चहाचे आणि सपाट. वरून लिंबू पिळा. दिवाळीच्या सुमारास आंबिया बहाराची संत्री बाजारात आलेली असतात, ती डझनभर घेऊनच जा. चालताना संत्र्याच्या फोडीसारखं दुसरं काही नाही. सालं परत पिशवीत.

सकाळी लवकर निघण्याचा आणखी एक फायदा आहे. पहाटे वारा जमिनीकडून समुद्राकडे वाहतो, त्याला तिकडे मतलई वारा म्हणतात. ऊन चढलं की तो फिरतो, समुद्रावरून खारा वारा सुटतो आणि पाणी चांगलंच हलायला लागतं. साडेआठचा समुद्र आणि दुपारचा समुद्र वेगळे दिसतात.

आता सासऱ्यांबद्दल, कारण खरं तर तोच तुमच्या सहलीतला नाजूक भाग आहे. त्यांना रोज चालायची सवय आहे ही चांगली गोष्ट, पण सेमिनरी हिल्सचं चालणं सडकेवरचं आहे. इथे उभ्या, ओबडधोबड पायऱ्या उतरायच्या आहेत. गुडघ्याची परीक्षा उतारावर होते. जाण्याआधीच्या दोन रविवारी त्यांना रामटेकला घेऊन जा. गाडीने वर न जाता अंबाळा तलावाच्या बाजूने पायऱ्यांनी गडमंदिर चढा आणि त्याच पायऱ्यांनी उतरा. उतरताना त्यांना कठड्याचा किंवा काठीचा किती आधार लागतो, दुसऱ्या दिवशी गुडघा सुजतो का, हे पाहा. सुजत असेल तर प्रदक्षिणेचा खालचा भाग त्यांच्यासाठी नाही. रक्तदाबाची किंवा मधुमेहाची गोळी असेल तर आपल्या डॉक्टरांना दमट हवेत चालण्याबद्दल विचारून घ्या.

फणसाडबद्दल थोडक्यात, कारण तिथे तुम्हाला माझी कमी गरज आहे. मुरुड आणि रोहा तालुक्यांतलं हे जंगल एकेकाळी जंजिऱ्याच्या नवाबांचं शिकारीचं राखीव रान होतं. १९८६ मध्ये ते अभयारण्य झालं, क्षेत्र सुमारे ७० चौरस किलोमीटर. हरिहरेश्वरहून श्रीवर्धन, दिवेआगरमार्गे दिघीला या, तिथून गाडीसकट जलवाहतुकीने आगरदांड्याला उतरा की मुरुड जवळच. फेऱ्यांच्या वेळा आदल्या दिवशी विचारून ठेवा. अभयारण्यात प्रवेश सुपेगावकडून. वन विभागाच्या नाक्यावर वेळ, परवानगी आणि वाटाड्या यांची चौकशी करूनच आत जा.

आपलं पेंचचं रान साग, ऐन, मोहाचं, पानगळीचं. हिवाळा संपता संपता त्यात लांबवर नजर जाते. फणसाडचं रान दाट, बरंचसं सदाहरित, अंजनी आणि वेलींचं. दहा पावलांवरचा माणूस दिसेनासा होतो. गारंबीच्या अजस्र वेली बघा, आणि मान वर करून शेकरू शोधा. आपला राज्यप्राणी आहे, तांबूस अंगाची, झुबकेदार शेपटीची मोठी खार. आवाज आधी येतो, मग फांदी हलते. तिथल्या पाणवठ्यांना गाण म्हणतात, चिखलगाण, फणसाडगाण अशी त्यांची नावं आहेत. अशा एखाद्या गाणाजवळ अर्धा तास गप्प बसलात तर चार तास चालण्यापेक्षा जास्त दिसेल. ३ जून २०२० रोजी याच किनाऱ्यावर निसर्ग चक्रीवादळ आदळलं आणि या भागात असंख्य झाडं आडवी झाली. अजूनही कुठे कुठे पडके ओंडके वाटेत असतील. ते ओलांडताना पलीकडे बघून पाय टाका. घोणस आणि नाग आपल्याला माहीत आहेत, पण कोकणात फुरसं जास्त भेटतं. वीतभर-हातभर लांबीचं, दगडाच्या रंगाचं. दगड-पाचोळ्यात हात घालू नका. कोणाला चावलंच तर चिरा देणं, चोखणं, घट्ट बांधणं यातलं काही करू नका. तो हात किंवा पाय न हलवता ठेवा आणि १०८ ला फोन करून सरळ सरकारी रुग्णालय गाठा.

प्रवासाचं एवढंच सांगतो की समृद्धी महामार्गाने ७०१ किलोमीटर भराभर होतात आणि त्यामुळेच माणूस पोहोचल्याबरोबर चालायला निघतो. तसं करू नका. पुढे पनवेल, माणगाव, म्हसळा हा रस्ता वळणांचा आणि सावकाश जायचा आहे. रेल्वेने गेलात तर कोकण रेल्वेवरचं माणगाव हे सोयीचं स्टेशन. कसेही जा, वाटेत एक मुक्काम घ्या.

शेवटी सासऱ्यांना एक जबाबदारी द्या. त्यांनी तुमच्याबरोबर काळभैरवाच्या मागच्या पायऱ्या जमतील तितक्या चढाव्यात आणि तिथून परत फिरून देवळापाशी, जिथे कातळावरून येणारी वाट बाहेर पडते त्या बाजूला, सावलीत बसावं. खाली कड्याच्या आड मोबाइलला रेंज मिळेलच असं नाही. म्हणून घळीतून उतरण्याआधी त्यांना फोन करून वेळ सांगा. पावणेदहापर्यंत तुम्ही दिसायला हवेत. सव्वादहापर्यंत दिसला नाहीत तर त्यांनी वाट न बघता गावातल्या माणसांना उठवायचं आणि ११२ लावायचा. ही वेळ एका कागदावर लिहून त्यांच्या खिशात ठेवा, आणि धाकट्याला सांगा की आजोबा घड्याळ घेऊन बसले आहेत.